आवलीचं म्हणणं

भाषण करणाऱ्यानं मध्येच थांबून 'आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो' म्हटलं, की मी त्याच्याकडे बघत नाही. ऐकणाऱ्यांच्या हातांकडे बघतो. नेवासा फाट्यावरच्या सभांमध्ये लागलेली ही सवय. तोवर तळहातावर तंबाखू मळत असलेला अंगठा थांबतो. मांडीवरचं पोर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जातं. चहाच्या गाडीशी पाठ करून उभी असलेली माणसं दोन पावलं पुढे येतात. टेम्पोत बसवून आणलेली, जेवणाच्या वेळेवर डोळा ठेवून असलेली माणसंसुद्धा क्षणभर खरेखुरे श्रोते होतात. पुढच्या चार-दोन वाक्यांत गोष्ट पकडते की सुटते, तेही हातच सांगतात. सुटली की अंगठा पुन्हा फिरू लागतो.

अलीकडच्या पुढाऱ्यांना हे चांगलं ठाऊक झालं आहे. कंपन्यांतल्या साहेबांना तर त्याचं रीतसर शिक्षण मिळतं. माझा पुतण्या पुण्यात नोकरी करतो. त्याला बढती मिळाली तेव्हा 'लीडरशिप आणि स्टोरीटेलिंग' अशा काहीतरी नावाच्या शिबिराला धाडलं होतं. तिथं जुन्या गाजलेल्या इंग्रजी सिनेमांचे तुकडे दाखवून नायक कसा उभा करायचा, संकट कधी आणायचं, आणि शेवटी आपल्या कंपनीचा माल त्या संकटावरचा उतारा म्हणून कसा पुढे करायचा, हे शिकवलं. दिवाळीत आला तेव्हा हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगत होता. मी म्हटलं, "अरे, नेवाशाच्या माणसाला गोष्ट सांगायची कशी हे शिकायला हॉटेलात जावं लागलं?" तो हसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही कोणता सिनेमा दाखवला असता?" मी विचार न करता म्हणालो, "संत तुकाराम." त्यानं पुढचा प्रश्न विचारला तो असा : "पण त्यात लीडर कोण?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. नंतर प्रवरेच्या बाजूला फिरायला जाताना ते सुचत गेलं, तुकड्यातुकड्यानं.

आमच्या गावात गोष्ट सांगण्याचं सर्वांत मोठं स्मारक म्हणजे एक दगडी खांब. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. त्या खांबाभोवती आता मोठं मंदिर आहे, गर्दी आहे, डोकं टेकायला रांग आहे. खांबावर कोरलेला लेख मात्र यातलं काहीच सांगत नाही. तो आहे दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. देवळात दिवा जळत राहावा म्हणून कुणीतरी पैशांची तजवीज केली, त्याची ती नोंद. दुर्गाबाई भागवतांनी याच खांबावर लिहिलं आणि 'पैस' हे त्यांच्या पुस्तकाचं नाव झालं. १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला. मला त्या लेखातल्या तेलाचं फार अप्रूप वाटतं. बोलणारा विशीसुद्धा न गाठलेला, संन्याशाचा पोर म्हणून वाळीत टाकलेला. त्याच्या पाठीला आधार मिळाला तो दिव्याच्या हिशेबाचा.

आणि समोर श्रोते. ज्ञानेश्वरी वाचताना मला सगळ्यांत जास्त कोण दिसत असेल, तर हे श्रोते. ते मुकाट बसलेले नाहीत. ज्ञानेश्वर त्यांची विनवणी करतो, लाडात येतो, नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे अवधान मागतो आणि लगेच, तुमच्यासारख्यांकडे हे काय मागायचं, म्हणून स्वतःच ओशाळतो. तेराव्यात अहिंसेवर बोलता बोलता लांब जातो, तेव्हा ते का केलं याचा खुलासा त्याला द्यावा लागतो. समोर थोरला भाऊ बसलेला आहे आणि तोच गुरूही आहे. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली तरी बोलणाऱ्याला कळतं. एवढ्यानंही भागत नाही. नवव्या अध्यायाच्या अखेरीस संजय भारावून गेला आहे आणि ज्याला तो हे सांगतोय तो आंधळा म्हातारा राजा ढिम्म आहे. पुराच्या पाण्यात रेडा बसून राहावा तसा. संजय मनात म्हणतो, इथं अमृत बरसलं आणि हा इथे असून जणू शेजारच्या गावाला गेलेला. धृतराष्ट्राचा हा ढिम्मपणा ज्ञानेश्वराला गाळता आला असता. त्यानं तो ठेवला, चांगला रंगवला, आणि त्यातली गंमतही घेतली. न ऐकणाऱ्याला गोष्टीत बसायला जागा दिली.

सिनेमाला मात्र खांबापेक्षा भिंत जवळची. 'प्रभात'चा 'संत ज्ञानेश्वर' १९४०चा. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, त्या काळात लोकांनी तोंडात बोटं घालावीत अशी चमत्कारांची दृश्यं. वाघावर बसून चांगदेव येतोय आणि इकडून भिंत निघाली आहे. ती भिंत बघून आमच्या घरातली मोठी माणसं हात जोडत. खांबाला टेकून एक मुलगा बोलतोय आणि एक जण लिहितोय, यात कॅमेऱ्यानं काय दाखवायचं? नेवाशात जे झालं ते डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतंच.

त्या सिनेमात ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक आमच्या नगरचे, ख्रिस्ती घरातले. पुढे कितीतरी चित्रपटांत ते कृष्ण झाले आणि लोकांनी त्यांना मनापासून नमस्कार केले. दिग्दर्शक जोडीतले फत्तेलाल मुसलमान. स्टुडिओत सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. त्याही आधी, त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके मुंबईत येशूच्या चरित्राचा सिनेमा बघायला बसले आणि पडद्यावर येशू असताना त्यांच्या मनात कृष्ण आणि राम येऊ लागले. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी तर एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ताची कथा कीर्तनात बसवली होती, टाळमृदंगासकट. गोष्ट कुणाच्या घरची, हे विचारायला गेलं की आमच्या भागात असा गुंता होतो. मला तो गुंता आवडतो. हल्ली तो सोडवून, धागे वेगळे करून, आपापल्या बोळक्यात भरून ठेवण्याची घाई झालेली दिसते.

पण मी 'संत तुकाराम' म्हणालो होतो. तो त्याआधीचा, १९३६चा. दिग्दर्शक तेच दोघे, तुकाराम विष्णुपंत पागनीस. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. त्यांचा चेहरा इतका मऊ, की तुकारामाच्या अभंगातला रोखठोकपणा या माणसाला पेलेल का, असं आज पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं. पेलला. इतका, की अनेकांच्या मनातला तुकाराम आजही पागनिसांसारखा दिसतो. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं एक पद ऐकून हा अभंग गाथेत कुठे सापडेल, अशी विचारणा जाणकारांनी केली होती म्हणतात. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून अधिक काळ हा सिनेमा चालला.

माझ्या आत्यानं तो जत्रेत, तंबूत बघितला होता. तिला त्यातला तुकाराम आठवायचा नाही. तिला आठवायची आवली, त्याची बायको. "ती बया खरी," म्हणायची. "घरात दाणा न्हाई, पोरं रडत्यात, अन् ह्यो टाळ कुटीत बसलाय." आणि मग हळूच, "पर मानूस देवाचा होता गं बाई." ही दोन वाक्यं ती नेहमी एकापाठोपाठ म्हणायची, त्यातलं एकही मागे न घेता.

आवलीचं काम गौरी नावाच्या नटीनं केलं. अभिनयाचं कुठलंही शिक्षण नाही, 'प्रभात'मध्येच किरकोळ कामांपासून वर आलेली. ती पडद्यावर भांडते तेव्हा अभिनय चाललाय असं वाटतच नाही. शेजारच्या घरातला आवाज खिडकीतून येतोय असं वाटतं. पोरगं तापानं फणफणलेलं आहे, तर ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबापुढे उभी राहते. संतपटात, नायकाच्या दैवतावर नायकाचीच बायको वहाण उगारते, आणि प्रेक्षागृहातल्या भाविक बायकांना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकीनं कधी ना कधी मनातल्या मनात ती उगारलेली असते. पुढे शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो. आवली आणि पोरं हरखतात. तुकाराम तो परत पाठवतो. तेव्हा आपण कुणाच्या बाजूला असतो? मी हा सिनेमा वेगवेगळ्या वयांत पाहिला आहे. तरुणपणी मी तुकारामाच्या बाजूला होतो. घरखर्च अंगावर पडल्यावर सरकत सरकत आवलीकडे आलो. सिनेमा मला कुठल्याच वेळी बाहेर काढत नाही.

माझ्या मते दामले-फत्तेलालांचं मोठेपण इथं आहे. त्यांना तुकारामाचा मोठेपणा सांगायचा होता, आणि त्यासाठी त्यांनी तो न पटलेल्या बाईला भरपूर वेळ दिला, चूल दिली, म्हैस दिली, चांगले संवाद दिले. मत्सरी सालोमालो तर आहेच. पण खलनायकाचा विरोध स्वस्त असतो, त्याला हरवायचंच असतं. आवलीला हरवायचं नाही. तिचं बरोबर आहे. तुकारामाचंही बरोबर आहे. शेवटी तो वैकुंठाला निघतो, बरोबर चल म्हणतो, आणि ती पोराबाळांचा संसार सोडून जात नाही. तुकारामावर आपला विश्वास बसतो तो या बाईमुळे. तिनं दहा वेळा खोट काढून पाहिलेलं नाणं आहे ते.

हा सिनेमा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि जगातल्या निवडक चित्रपटांत त्याचा गौरव झाला. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. सांगताना त्या वेळच्या इटलीत कुणाचं राज्य होतं ते मात्र सांगत नाही. त्या महोत्सवातल्या मोठ्या बक्षिसाचं नावच मुसोलिनी करंडक होतं. त्याच वर्षी मुसोलिनीनं रोममध्ये चिनेचित्ता हा प्रचंड स्टुडिओ उघडला होता. सिनेमाचं आणि गोष्टीचं बळ त्या माणसाइतकं फार थोड्या पुढाऱ्यांना कळलं असेल. सज्जातून तो बोलायचा, खाली चौक भरलेला असायचा, आणि त्या अख्ख्या गोष्टीत आवली नव्हती. जिनं असायला हवं होतं ती तुरुंगात होती, किंवा परदेशी पळून गेलेली. अशा देशात, अशा महोत्सवात, देहूची एक बाई पडद्यावर येऊन विठोबाला जाब विचारून गेली. समोर बसलेल्यांपैकी कुणाला काय कळलं असेल, याची कल्पना करत मी कधीकधी बराच वेळ घालवतो.

तिकडे चॅप्लिननं १९४०मध्ये, म्हणजे आपल्या 'संत ज्ञानेश्वर'च्याच साली, 'द ग्रेट डिक्टेटर' काढला. त्यात हुकूमशहा समजून एका न्हाव्याला माइकपुढे उभं करतात आणि तो सगळ्या जगाच्या भल्याचं मागणं मागतो. कलेच्या दृष्टीनं ते भाषण सिनेमात ठिगळासारखं आहे, अशी टीका तेव्हा पुष्कळांनी केली. असेल. पसायदानाच्या गावात राहणाऱ्या माणसाला शेवटी सगळ्यांसाठी मागणं मागितलेलं खटकत नाही. फरक एवढाच, की ज्ञानेश्वरानं ते मागितलं तेव्हा आधीच्या अठरा अध्यायांत श्रोत्यांचं खूप ऐकून घेतलं होतं.

पुतण्याच्या शिबिरात दाखवलाच पाहिजे असा परदेशी सिनेमा मला विचाराल तर कुरोसावाचा 'इकिरू', १९५२चा. सरकारी कचेरीतला एक म्हातारा अधिकारी. पोटाचा कर्करोग झाल्याचं कळतं. उरलेल्या दिवसांत तो एका वस्तीतल्या घाण पाण्याच्या जागी मुलांसाठी बाग व्हावी म्हणून टेबलाटेबलावर अर्ज घेऊन उभा राहतो. आणि कुरोसावा काय करतो, तर सिनेमा बराच बाकी असताना नायकाला मारून टाकतो. पुढचा सगळा भाग त्याच्या शोकसभेतला. वरचा साहेब बागेचं श्रेय स्वतःकडे घेऊन बोलतो. मग त्या वस्तीतल्या बायका येतात, काही न बोलता रडतात, आणि साहेबाला तिथं बसवेनासं होतं. तो गेल्यावर कनिष्ठ कारकून दारू पीत भांडतात : बाग त्यानं केली की नाही? का केली? आठवणींचे तुकडे जुळवत त्यांना ते पटतं, रडून शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा पहिले पाढे. ज्यानं काम केलं त्याला आपली गोष्ट सांगायला कुरोसावानं ठेवलंच नाही. ती इतरांनी, भांडत, चुकत, अर्धवट सांगितली, म्हणून ती खरी वाटते. आपल्याकडे हयात नेत्याच्या वाढदिवसाला गौरवग्रंथ निघतो. त्यात भांडणारा एकही कारकून नसतो.

आता आमच्याकडच्या साखरेविषयी बोलायलाच हवं. नेवासा तालुका उसाचा. सोनईला एक कारखाना, भेंड्याला एक. मुळेच्या कालव्याचं पाणी, जायकवाडीत गेलेली गावं, ऊसतोडीच्या टोळ्या, हे सगळं आमच्या रोजच्या बोलण्यातलं. म्हणून जब्बार पटेलांचा 'सामना' आम्हाला कधी सिनेमा वाटला नाही. पटकथा विजय तेंडुलकरांची. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील साखरपट्ट्यातला सर्वेसर्वा. त्याच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट आहे आणि ती खोटीही नाही. माळरानाचं त्यानं काय केलं ते समोर दिसतंय. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर ती ऐकून घेतो आणि एकच चौकशी करत राहतो : मारुती कांबळेचं पुढे झालं काय? १९७५च्या बर्लिन महोत्सवात हा सिनेमा स्पर्धेत होता. तिथल्या लोकांना उसाचं राजकारण कितपत कळलं असेल कोण जाणे. मास्तरचा प्रश्न कळला असणार. चांगल्या रंगलेल्या गोष्टीत एक माणूस मोजताना कमी भरतो, हे कुठल्याही देशात कळतं.

असा एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. उन्हाळ्यातली सभा. वक्ता चांगला, राजाची आणि शेतकऱ्याची गोष्ट रंगात आलेली, सगळे अंगठे थांबलेले. पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "ते समदं खरं, पर कालव्याचं आवर्तन कधी सुटायचं?" हशा झाला. कार्यकर्ता धावला. "मावशी, बसा, गोष्ट पुरी होऊ द्या." मावशी बसल्या. गोष्ट पुरी झाली, टाळ्याही झाल्या. वक्त्याच्या हाताशी त्या क्षणी सबंध सभेतलं सगळ्यांत मोलाचं माणूस आलं होतं. त्यानं तिचा प्रश्न उचलून राजाला विचारला असता, तर ती गोष्ट तालुक्यात पुढची वीस वर्षं कुणीतरी सांगत राहिलं असतं.

आमचं ग्रामदैवत मोहिनीराज. कथा अशी, की समुद्रमंथनातलं अमृत विष्णूनं मोहिनीच्या रूपात इथंच वाटलं. देवांना अमृत, दैत्यांना नुसता मोह. एवढा मोठा समुदाय तिच्याकडे बघत राहिला आणि आपल्या ओंजळीत काय पडतंय हे कुणी बघितलं नाही. एकट्या राहूनं बघितलं, तो उठून देवांच्या रांगेत जाऊन बसला, आणि त्याचं शीर उडालं; ते पडलं राहुरीला, धड पडलं गोदावरीकाठी कायगावला, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. लहानपणी मला राहू वाईट वाटायचा. आता देवळाच्या पायऱ्या उतरताना वाटतं, रांग कशी लावली आहे ते त्या पंगतीत कळलेला तो एकटाच होता. त्याच गावात पुढे दुसऱ्या कुणीतरी अमृत वाटलं, आणि या वेळी रांगा केल्या नाहीत. एकाच नदीच्या काठी गोष्टीची ही दोन्ही रूपं असावीत, हे मला पुढाऱ्यांना मुद्दाम इथं आणून दाखवावंसं वाटतं. बहुतेक जण मोहिनीराजाचं दर्शन घेऊन परततील, ही भीती आहेच.

पुतण्याला मी अखेर फोनवर उत्तर दिलं. म्हटलं, लीडर तुकाराम आहे, पण तुझ्या साहेबांना सांग, तुकारामाकडे बघून काही हाती लागणार नाही. पागनिसांसारखे डोळे मिटणं सोपं आहे. आवलीला किती मिनिटं दिली आहेत ते मोजा. तिला गप्प बसवलंय का, ते बघा. तो म्हणाला, "काका, आमच्या मीटिंगमध्ये असं मध्येच बोललेलं चालत नाही." मी म्हटलं, "मग तुमच्या कंपनीत संत कसा निपजणार?" त्याला हसू आलं, पण फोन त्यानं लवकर ठेवला.

'संत तुकाराम' जुना आहे, काळापांढरा आहे, आवाज मध्ये मध्ये खरखरतो. तरी बघा. पुढारी असाल, साहेब असाल, शाळेचे मुख्याध्यापक किंवा सोसायटीचे चेअरमन असाल, तर जरूर बघा. फक्त एकट्यानं, कानात बोंडं घालून बघू नका. घरातलं एखादं असं माणूस शेजारी घेऊन बसा, ज्याला सिनेमा चालू असताना मध्येच बोलायची खोड आहे, आणि त्याला बोलू द्या.